चौथ्या वाडीचं हेडिंग

रविवार, १८ जानेवारी : सर्व ठीक आहे

धम्मदीप, जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. ही एकच फाइल ठेवतो, तिची लिंक तुला पाठवली आहे. लिहीन ते खाली खाली जोडत जाईन. तारखेच्या ओळीला नीट हेडिंग टॅग लावलाय, म्हणजे पुण्यात बसून तुला कीबोर्डचं एच बटण दाबत एका पत्रावरून दुसऱ्यावर उडी मारता येईल. ठाण्याच्या आपल्या खोलीत तुझी नजर पुरती गेली, त्या वर्षी तू मला डोळे मिटून शेजारी बसवलं होतंस आणि पान कानाने कसं वाचतात ते ऐकवलं होतंस. म्हणालास, "तुला पान एकदम दिसतं. मी वाडीवाडीने जातो. हेडिंग म्हणजे वाडी. नसेल तर मी कातळावर चुकलेलं ढोर."

तुझा एका ओळीचा मेल आला. 'गावाची वेबसाइट ऐकली. माझी वाडी सापडली नाही.'

वाडी आहे रे. कातळोशीच्या पानावर देऊळवाडी, मधलीवाडी, भंडारवाडी आणि त्याखाली बौद्धवाडी, ठळक अक्षरांत. तुझ्या रेणुकाताईचं नाव, फोन, जेवणात काय काय मिळतं, दोन खोल्यांचे फोटो, सगळं दिलंय. डोळे असलेल्या कोणालाही विचार. तुझ्याकडचा पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर जुना झाला असेल.

बाकी मजेत. मिरजोळ्याचा गाळा चालू आहे, वेबसाइट आणि फोनदुरुस्ती. परवा एक लॉजवाला आला होता. त्याचं लॉज गणपतीपुळ्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, पण प्रत्येक हेडिंगमध्ये त्याला 'गणपतीपुळे' हवं होतं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून पांढऱ्यावर पांढरं, फक्त गुगलने वाचावं असं. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. गुगलला एक आणि माणसाला दुसरं, असलं आपण करत नाही म्हणालो. तू असतास तर पाठ थोपटली असतीस.

आई विचारते, दीप्या शिमग्याला येणार का.

सर्वेश

रविवार, १ फेब्रुवारी : सभेबद्दल थोडं

'डोळे असलेल्या कोणालाही विचार' हे वाक्य मी पाठवल्यानंतर वाचलं. फाइल माझ्या हातात आहे, खोडू शकलो असतो. पण तू ऐकलं असशील. राहू दे.

तुझा स्क्रीन रीडर जुना नाही. वाडीच्या नावाला हेडिंग टॅग नाही, म्हणून ती तुला सापडली नाही. अक्षरं मी फक्त ठळक केली आहेत, बाकीच्या वाड्यांपेक्षा लहान. पाहणाऱ्याला वाडीचं नाव दिसतं, मशीनच्या लेखी ती साधी ओळ आहे.

कसं झालं ते सांगतो. गावच्या कातळावरची कातळशिल्पं बघायला आता माणसं येतात. त्यांना जेवण, मुक्काम गावातच मिळावं म्हणून मंडळाने वेबसाइट करायची ठरवली आणि गावचा पोरगा म्हणून काम माझ्याकडे आलं. देवळात सभा झाली. अध्यक्ष आमचे काशीकाका, बाबांचे चुलतभाऊ, पालखीचा पहिला मान त्यांचाच. प्रत्येकाला आपलं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं पाहिजे होतं. देऊळवाडीवाले म्हणाले आम्ही मूळचे, भंडारवाडीवाले म्हणाले पाहुणे उतरतात आमच्याकडे. मी परोपरीने सांगितलं की पानाला मुख्य हेडिंग एकच असावं, त्याखाली दुसऱ्या पातळीची, त्याखाली तिसऱ्या. सगळीच मोठी केली तर गुगललाही कळत नाही आणि वाचणाऱ्यालाही. कोणी ऐकेना.

मग मला शहाणपण सुचलं. म्हटलं, हे पालखीच्या मानासारखं आहे. पहिला मान एकालाच, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली.

भांडण तिथेच थांबलं. सगळ्यांना पटलं. मुख्य हेडिंग ग्रामदेवतेचं आणि गावाचं, खाली वाड्या. मला वाटलं, काय सोपं करून सांगितलं मी.

काशीकाकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मंग यात बौद्धवाडी कशी आली?"

मी म्हटलं, गावातली वाडी आहे.

"वाडी हाय, नाय कोण म्हणतो? पण पालखीच्या मानात ती हाय काय? छप्पन साली ते आपणहून सोडून गेले. त्यांना देव नको, पालखी नको. मंग मानाच्या ओळीत नाव कसं लावतोस?"

मी सांगितलं की हे आपलं उदाहरण होतं. ते म्हणाले, "उदाहरण तुझंच ना?" लोक हसले. मीही हसलो, धम्मदीप. तेवढ्यात त्यांनी तोडगा काढला. "नाव काढ म्हणत नाय मी. नाव असू दे. दिसू दे. फक्त हेडिंग नको." तो शब्द त्यांना मीच तासभर शिकवला होता.

तेवढं सांगायचं होतं.

नाही, अजून आहे. गुगल पानावरची प्रत्येक ओळ वाचतं, पण काय कशाखाली आहे ते हेडिंगवरून ताडतं. बौद्धवाडीला हेडिंग नाही, म्हणून रेणुकाताईची मासळीची जेवणं त्याच्या लेखी भंडारवाडीत गेली. माणसं तिचे फोटो बघून भंडारवाडीत उतरतात, तिथे चौकशी करतात आणि तिथेच जेवतात. कोणी मुद्दाम फसवत नाही. दारात आलेल्याला कोण परत पाठवणार.

गेल्या आठवड्यात ती मिरजोळ्याला गाळ्यावर आली होती. फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बघ तरी, याला काय झालंय. सगळ्या वाड्यांत पाहुणे येतात, माझा वाजतच नाय." बचत गटातल्या बाया रोज तिला विचारतात म्हणाली. मी फोन घेतला, उघडबंद केला, सेटिंग बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं की तुमच्या बाजूला रेंजचा प्रश्न आहे. ती दोन ओले नारळ ठेवून गेली.

काम तसं का केलं, असं तू विचारशील. सभा संपल्यावर काशीकाका देवळाच्या पायऱ्यांवर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "आम्ही काय कोणाला वाळीत टाकत नाय हां. कायदा हाय. पण पालखी न्यायची तर खांदेकऱ्यांचे पाय चालायला पाहिजेत. तुमची पाखाडी चढणीची. पाय दमले, तर मी काय करणार?"

आमचं घर तुला माहीत आहे. मधलीवाडीतलं शेवटचं, जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढून. बाबा गेल्यापासून आई कुठल्या लग्नाला जात नाही, बारशाला जात नाही. वर्षातून एकदा पालखी दारापुढच्या खळ्यात उतरते, तेवढाच तिचा सण. माघ लागला की खळं चोपायला घेते. आता घेतलंय. मी हे लिहितोय तो धप धप आवाज खिडकीतून येतोय.

सर्वेश

रविवार, १५ फेब्रुवारी : चांगली बातमी

आता एच दाब. गावाच्या पानावर जा आणि दाबत राहा. देऊळवाडी, मधलीवाडी, भंडारवाडी, आणि पुढे काय ऐकू येतं ते मला सांग.

झालं काम. बौद्धवाडीला टॅग लावला, बाकी वाड्यांच्याच पातळीचा. आणि दिसण्यात काहीच बदल नाही. अक्षरांचा आकार, जागा, सगळं होतं तसंच ठेवलं. काशीकाकांच्या नितेशने माझ्यासमोर फोनवर पान उघडलं, वरपासून खालपर्यंत सरकवलं आणि म्हणाला, "मस्त झालंय रे." मी पण म्हटलं, मस्त झालंय.

काल रेणुकाताईचा फोन वाजला. सांगलीचं कुटुंब, सात माणसं, कातळशिल्पं बघायला आलेली. तिच्याकडेच जेवली. रावस आणि कोकमाचं तिवळं. जाताना पोरांनी दोनदा सोलकढी मागून घेतली म्हणे. तिने मला फोन करून सांगितलं की तू रेंजचं बघितलंस वाटतं. मी हो म्हटलं.

म्हणजे कोणाचं काही बिघडलं नाही बघ. तुला वाडी सापडली, गुगलला सापडली, रेणुकाताईला पाहुणे मिळाले. काशीकाकांना जे बघायचंय ते दिसतंय. आईची पालखीही आली म्हणून समज. मला वाटलं नव्हतं यातून वाट निघेल. तुझी शाबासकी या खेपेला हक्काने मागतोय.

सर्वेश

रविवार, २२ फेब्रुवारी : तुझ्या निरोपाला उत्तर

तुझा आवाज किती दिवसांनी ऐकला. दोन वाक्यांचा निरोप पाठवलास, मी तो गाळ्यात बसून पुन्हा पुन्हा लावला. दुरुस्ती करायला बसलेल्या माणसासारखा, की कुठेतरी वेगळं ऐकू येईल.

"आंधळ्यालाच दिसेल असा मान मला नको, सर्वेश. लॉजवाल्याला तू चहा पाजून घालवलास, आता स्वतःला पण एक कप पाज."

मी चिडलो. आधी ते लिहितो.

तू पुण्यात आहेस. तुझ्या दारात कोणी पालखी आणत नाही आणि नेतही नाही. मला सकाळी याच पाखाडीने उतरायचंय, संध्याकाळी याच पाखाडीने चढायचंय, वाटेत काशीकाकांची पडवी आहे आणि पडवीत काशीकाका आहेत. मी घरी पोचायच्या आधी माझी बातमी घरी पोचते. मिरजोळ्याला जाऊन राहीन म्हटलं तर आई येत नाही. तिला इथून हलवायचं म्हणजे आंब्याचं झाड मुळासकट काढून फ्लॅटमध्ये लावायचं. तुला सांगायला काय जातं?

हे लिहून उठलो होतो. परत बसलो.

लॉजवाल्याला हवं होतं ते गुगलला दाखवायचं आणि माणसापासून लपवायचं. मी केलं तेही तेच. तो खोटं लपवत होता, मी खरं लपवलं, एवढाच फरक. आणि लपवलं कोणापासून? ज्यांना ते दिसलं पाहिजे त्यांच्यापासूनच. तुझा दुसरा निरोप नंतर आला, तोही ऐकला. "आमच्या आजोबांनी तुमच्या मानाची ओळ स्वतः सोडली. तू पानावर नवी ओळ लावलीस आणि मला गुपचूप तिच्या शेवटी उभं केलंस." याला उत्तर शोधतोय. मी टॅगबद्दल बोलतोय आणि तू ओळीबद्दल. ते मान-मानकरी मी कुठून काढले देवळात? कोणी मागितलं नव्हतं. चार माणसांना पटकन कळावं म्हणून त्यांच्या ओळखीची गोष्ट पुढे केली आणि आता तीच गोष्ट मला बाहेर पडू देत नाही.

आईने खळं सारवून घेतलं. तुळशीला गेरू लावला. ओटीचा खण रत्नागिरीच्या बाजारातून मीच आणून दिला, हिरवा.

दीप्या येणार का, काल परत विचारलं. कामात आहे म्हटलं.

सर्वेश

मंगळवार, १० मार्च : पालखी आली नाही

हेडिंग वाचून तुला कळलंच असेल. तरी क्रमाने सांगतो.

होळीच्या आधीच्या शनिवारी मी काशीकाकांच्या पडवीत गेलो. पान बदलण्याआधी त्यांना सांगायचं ठरवलं होतं, मागून कळू द्यायचं नव्हतं. नितेशही होता. मी म्हटलं, काका, सभेत मी चुकीचं उदाहरण दिलं. हेडिंग म्हणजे मान नाही. तिठ्यावरच्या पाटीसारखं आहे ते. पाटी कोणाला मोठं करत नाही, इकडे काय आहे आणि तिकडे काय आहे तेवढं सांगते. वाडी आहे, माणसं तिथे जेवायला जाऊ शकतात, तर पाटी लागली पाहिजे. आणि इतर पाट्यांएवढीच, दिसेल अशी.

काका म्हणाले, "आपल्या तिठ्यावर त्यांच्या वाडीची पाटी हाय काय?"

धम्मदीप, नाही आहे. देऊळवाडी, मधलीवाडी, भंडारवाडी, बाण. मी त्या पाटीखाली एसटीची वाट बघत मोठा झालो. तूही माझ्या शेजारी उभा असायचास. तुला त्या वेळी दिसत होतं. तू मला कधी बोलला नाहीस.

काशीकाका म्हणाले, "रस्त्यावर इतकी वर्षं नाय, त्याचं कोणाला काय वाटलं नाय. कंप्युटरवर नाय, तर तुला झोप नाय." त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटत होतं. मी म्हटलं, तिठ्याची पाटी मी लावलेली नाही, पान मी केलंय. ते म्हणाले, "कर बाबा. तुझं पान, तुझी पाखाडी."

तिथूनच, त्यांच्या पडवीत बसून, मी फोनवरून ते बदललं. बौद्धवाडी, बाकीच्या तिघींच्या आकारात, त्याच रंगात. नितेशने त्याच्या फोनवर बघितलं आणि या खेपेला फोन पालथा ठेवला.

आईला मी सांगितलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण नाही सांगितलं. मनात होतं की देव आला तर आला.

परवा रविवारी पालखी मधलीवाडीत आली. आईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. नवं लुगडं, ताटात नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू. रांगोळी तिने स्वतः काढली. दुपारी ढोल खाली येसूबाईंच्या खळ्यात वाजत होता, मग त्यांच्या शेजारी, मग पाखाडीच्या पायथ्याशी. पालखीपुढचं निशाण आम्हाला आंब्याच्या शेंड्यावरून दिसत होतं. आई पदर सावरून पुढे झाली. ढोल पायथ्याशी जरा वेळ वाजत राहिला. मग निशाण वळलं. मी बघितलं, आईनेही बघितलं. तिला वाटलं, बाकीची घरं आधी करून वर येतील. ती तशीच उभी राहिली, ताट हातात घेऊन. ढोल भंडारवाडीच्या उताराला लागला, तेव्हा मी ताट तिच्या हातातून घेतलं आणि खळ्यात पाटावर ठेवलं.

मग सांगितलं. सगळं. सभा, ठळक अक्षरं, रेणुकाताईचा फोन, तू, पडवी.

तिने रडारड केली नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "काय लिवलंस ता वाच."

मी फोन काढला आणि वाचलं. "देऊळवाडी. मधलीवाडी. भंडारवाडी. बौद्धवाडी."

"मंग?"

"बस. हेडिंग एवढीच."

"चार नावं?"

"चार."

खळ्याकडे बघत ती म्हणाली, "एवढ्यासाठी देव दारावरनं गेला?"

तुला वाटेल मी तिला समजावलं असेन. मी म्हटलं, हो, एवढ्यासाठीच. ती उठून आत गेली. त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला वाढते, पाणी देते. काल मात्र मी गाळ्यावर निघालो तेव्हा मागून विचारलं, "दीप्याच्या बहिणीला माहीत हाय काय, तिच्यामुळे झालंय ता?" मी म्हटलं, तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे झालं. "ताच विचारते," म्हणाली. "तिला सांगू नको. जीवाला लावून घेईल ती." आणि दार लोटून घेतलं.

त्यामुळे तूही रेणुकाताईला सांगू नकोस. तिच्याकडे सध्या पाहुणे आहेत. शिमग्याला आलेले मुंबईकरही तिथे जेवायला जातात, आमच्या मधलीवाडीतलेसुद्धा. नितेश गेला होता म्हणतात.

ताट पाटावरच आहे. खणावर आंब्याचा मोहोर गळून पडलाय. देवासाठी काढलेला नारळ आई फोडत नाही आणि उचलूनही ठेवत नाही. मी त्याला वळसा घालून पाखाडी उतरतो, संध्याकाळी वळसा घालून आत येतो.

आज ही फाइल वरून पुन्हा वाचली. पहिल्या पत्राचं हेडिंग 'सर्व ठीक आहे' असं आहे आणि खाली तसं काही नाही. बदलावंसं वाटलं, पण ते तसंच ठेवतोय. या शेवटच्याचं मात्र तपासून बघ. वर जे लिहिलंय तेच खाली आहे.

सर्वेश